शहराची सनद

इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याच्या सनदेनुसार मद्रासची, म्हणजे आजच्या चेन्नईची, महानगरपालिका २९ सप्टेंबर १६८८ रोजी स्थापन झाली. पुढे सनदेची जागा कायद्याने घेतली. अमेरिकेतील अनेक शहरांत सनद बदलताना नागरिकांचे मत घेतात. आपल्याकडे तो अधिकार राज्य विधिमंडळाचा. चेन्नईत १९७३ ते १९९६ अशी तेवीस वर्षे निवडून आलेली परिषदच नव्हती! १९९६ मध्ये मतदारांनी महापौर थेट निवडला. त्यानंतर ही पद्धत अनेकदा बदलली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तर विधिमंडळाचीही वाट न पाहता वटहुकूम निघाला. परिणामी २०२२ मध्ये मतदारांनी केवळ नगरसेवक निवडले. महापौरांची निवड नगरसेवकांनी केली. मतदारांचा एक हक्क गेला. तो सोडण्यास ते राजी आहेत काय, हे त्यांना कोणी विचारले नव्हते.