चालण्याची सवय का लागत नाही?

प्रश्न : रोज सकाळी चालायचं ठरवलं. २१ दिवसांत सवय लागते असं ऐकलं होतं, पण महिना झाला तरी अंथरूण सुटत नाही. चुकतंय कुठे?

उत्तर : घोळ त्या २१ च्या आकड्यात आहे. अमेरिकी प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी १९६० च्या पुस्तकात लिहिलं होतं, की नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे ‘किमान’ गळून पडलं आणि चेहऱ्याचा हिशेब प्रत्येक सवयीला लागू झाला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींवर १२ आठवडे लक्ष ठेवलं. त्यावरून काढलेला अंदाज होता साधारण ६६ दिवसांचा. कुणाला १८, तर कुणाला २५४. पाणी पिणं लवकर अंगवळणी पडलं, व्यायामाला वेळ लागला. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसं बिघडलं नाही. महिन्याभरात हिरमुसणाऱ्या प्रत्येकाला हे कळायलाच हवं.

‘रोज चालेन’ हा संकल्प मोघम आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचा भर असतो ‘अमुक झालं की तमुक करेन’ अशा नेमक्या बांधणीवर. म्हणजे दूध तापलं, गॅस बंद केला, की बूट चढवायचे आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन यायचं. बूट रात्रीच दाराशी, मोजे आत खोचलेले.

सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. रविवारी दूध उशिरा येत असेल, तर त्या दिवसाची खूण वेगळी : चहाचा कप विसळला की निघायचं.