पाठ : बागेतली ओल लिनक्सला कशी कळते?



वणी-दिंडोरी भागातल्या मुलांना ठिबक, वाफसा हे शब्द शिकवावे लागत नाहीत. म्हणून आजचा पाठ द्राक्षबागेतूनच सुरू करू.

मातीतली ओल हळूहळू कमी-जास्त होते. सेन्सर ती व्होल्टमध्ये सांगतो, पण संगणकाला आकडा लागतो. मधलं दुभाष्याचं काम एडीसी करतो. रास्पबेरी पाय बोर्डात तो नसतो, वेगळी चिप जोडावी लागते. बीगलबोन ब्लॅकमध्ये तो आतच आहे. तो १२ बिटचा, म्हणजे ० ते ४०९५ आकडे देणारा. त्याचे सात चॅनल बाहेरच्या पिनांवर मिळतात, क्रमांक ० ते ६.

मुलं हमखास अडकतात ती इथे : तार बरोबर, सेन्सर बरोबर, तरी आकडा येत नाही! कारण कोणत्या पिनेला काय जोडलंय हे लिनक्स स्वतः शोधत नाही. ते त्याला 'डिव्हाइस ट्री' या फाइलमधून कळतं. आपल्या हजेरीपटासारखंच. पटावर नाव नसेल तर मूल वर्गात बसलेलं असूनही हजेरी लागत नाही.

कृती अशी :
१. एडीसीच्या नोंदीत स्टेटस 'ओके' करा.
२. चॅनलच्या यादीत हवे ते क्रमांक लिहा, उदा. ० आणि २. मोजणी शून्यापासून असते.
३. फाइल कंपाइल करून बोर्ड पुन्हा सुरू करा.
४. आयआयओ फोल्डरमध्ये नोंदवलेल्या प्रत्येक चॅनलची फाइल दिसेल. ३ लिहिला नसेल तर त्याची फाइलच नसेल.

सावधान! या पिनांना १.८ व्होल्टपेक्षा जास्त चालत नाही, बोर्ड जळू शकतो. सेन्सर ३ व्होल्ट देत असेल तर दोन सारखे रोधक लावून दाब निम्मा करा. डिव्हाइस ट्रीत काहीही लिहिलं तरी हे संरक्षण मिळत नाही.

आता गणित. आकडा २०४८ आला, तर २०४८ ÷ ४०९६ × १.८ = ०.९ व्होल्ट. दाब निम्मा केलेला असल्याने सेन्सरचा खरा दाब १.८ व्होल्ट. पण ही ओलीची टक्केवारी नव्हे! ती समजून पाणी सोडलं तर बागेचं नुकसान.

म्हणून घरचा अभ्यास : एका डब्यात कोरडी, दुसऱ्यात भिजवलेली आपल्याच शेतातली माती घ्या. दोन्हींचे आकडे वहीत लिहा. बऱ्याच कपॅसिटिव्ह सेन्सरांत ओल वाढली की आकडा उतरतो. तुमच्याकडे काय झालं? मग आजोबांना मूठभर माती दाबून बघायला सांगा आणि त्यांचं उत्तर शेजारी लिहा. दोन्ही जुळले, तरच सेन्सरवर भरवसा ठेवायचा.