आजचं चिंतन : ‘युक्त’ म्हणजे नेमकं किती?



आज वाचनात भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातले 16 आणि 17 हे दोन श्लोक आहेत. अध्याय ध्यानाचा, नाव आत्मसंयमयोग. आपल्याला वाटतं, इथे भगवंत फक्त आसन, श्वास आणि मन यांबद्दल बोलतील. पण ते थेट ताटावर येतात. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. झोपेचंही तसंच. खाणं, हिंडणं-फिरणं, काम, झोप आणि जाग हे सगळं ज्याचं मापात आहे, त्याचा योग दुःख घालवतो.

हे श्लोक मला कॉलेजपासून पाठ होते. अर्थ मात्र मागच्या वर्षी कळला, तोही रस्त्याच्या कडेला बसल्यावर.

आमचं घर खामगावचं. श्रींची पालखी पंढरपूरहून परत येते तेव्हा शेवटचा टप्पा खामगाव ते शेगाव, साधारण 17 किलोमीटर. हजारो लोक पालखीसोबत पायी निघतात. बाबा कित्येक वर्षं न चुकता चालले. मग शुगरमुळे त्यांच्या पायाच्या बोटाला जखम झाली, ती महिनोन्‌महिने भरेना आणि डॉक्टरांनी लांब चालणं बंद केलं. मी म्हटलं, “बाबा, यंदा तुमच्या वाटचं मी चालतो.”

तेव्हा माझं वजन 96 किलो होतं. पुण्यात दहा वर्षं खुर्चीवर बसून कोड लिहिल्याची ती कमाई. अर्धा रस्ताही झाला नसेल, मांड्या सोलवटल्या, दम लागला आणि मी बसलो. एका ओळखीच्या माणसाने गाडीवर शेगावला सोडलं. माझ्या शेजारून साठीतल्या मावश्या फुगड्या घालत पुढे गेल्या होत्या. घरी बाबा एवढंच म्हणाले, “होते बाबू, पुढच्या वर्षी पाहू.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. आठवड्याने रक्त तपासलं तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा 6.1. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. बाबांच्याच वाटेवर होतो मी, फक्त वेगळ्या अर्थाने!

आपण इंजिनीअर लोक लॉग बघितल्याशिवाय बग शोधत नाही. म्हणून पंधरा दिवस जे तोंडात गेलं ते सगळं लिहून काढलं. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. एक चमचा म्हणजे अंदाजे पाच ग्रॅम, एकूण 50 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की मोठ्या माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर साधारण 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, 25 च्या आत असेल तर आणखी बरं. माझा कोटा चहातच संपत होता. बिस्किटं वेगळीच.

मग एकादशी. मी ‘उपास’ करायचो म्हणजे दोन प्लेट साबुदाणा खिचडी, वर बटाट्याचे वेफर्स. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. उपवास या शब्दात देवाजवळ राहणं आहे. मी तर दिवसभर डब्याजवळ राहत होतो.

आणि एक मोठी पळवाट माझ्याकडे होती. 23 फेब्रुवारी 1878 ला महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. अन्न हे ब्रह्म आहे, वाया घालवू नये, ही शिकवण. ती मी सोयीने वापरत होतो. पातेल्यात उरलं की, “टाकायचं कशाला?” म्हणून मी संपवायचो. पण भूक नसताना पोटात ढकललेलं अन्नही वायाच जातं ना? मान राखायचा तर तो वाढून घेतानाच राखायला हवा. आधी कमी घ्यायचं.

काय बदललं ते साधं आहे. चहा दोनच, साखर अर्धा चमचा. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबीर, मग मुगाचं घट्ट वरण किंवा उसळ, आणि ज्वारीच्या दोन भाकरी. भाकरी पौष्टिक म्हणून चार खाल्ल्या तर हिशेब पुन्हा बिघडतो. सुट्टीला घरी गेलो की आई विचारायची, “काऊन रे, बरं नाही का वाटत?” तिला समजवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मग तीच अंबाडीची भाजी जास्त आणि तेल कमी करायला लागली.

चालणं पंधरा मिनिटांपासून सुरू केलं, रात्री जेवल्यावर. जेवणानंतर चाललं की स्नायू रक्तातली साखर वापरतात. हळूहळू आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं आणि दोन-तीन दिवस सूर्यनमस्कार.

पहिल्या दोन महिन्यांत पाच किलो उतरले. मग सहा आठवडे काटा हलेना. शरीर हलकं झालं की त्याला ऊर्जाही कमी लागते, म्हणून असं होतंच. त्या दिवसांत मी फक्त पाण्यावर राहायचा विचार करत होतो. तेव्हा सतराव्या अध्यायाने थांबवलं. शरीराला उगीच छळणारे आत राहणाऱ्या मलाच छळतात, असं भगवंत तिथे सांगतात. क्रॅश डाएटला इतकं स्पष्ट उत्तर मी दुसरीकडे वाचलं नाही. मनाला आवरायला त्यांनी सहाव्या अध्यायात अभ्यास आणि वैराग्य सांगितलंय. अभ्यास म्हणजे रोज, कंटाळा आला तरी.

यंदा वजन 83 आहे, आकडा 5.6. पालखीसोबत पूर्ण 17 किलोमीटर चाललो. बाबा शेगावात वाट बघत बसले होते. दर्शन झाल्यावर त्यांनीच कचोरी मागवली. एकच. अर्धी त्यांनी खाल्ली, अर्धी मी. ‘युक्त’ म्हणजे बंदी नव्हे, हे त्या अर्ध्या कचोरीने शिकवलं.

आजचा संकल्प : रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं नाम घेत चाला, आणि उद्या दिवसभर जे खाल ते लिहा. शुगर, बीपी किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि घरात कुणाच्या पायाला न भरणारी जखम असेल तर आजच दाखवा, थांबू नका.

श्री गजानन माउली की जय!