नंबर इथला, डेटा तिथला

अंबरनाथच्या पालेगावला लागून असलेल्या आनंदनगर एमआयडीसीत माझी सगळी नोकरी झाली. कारखान्यात यंत्रं तयार करायची आणि गिऱ्हाइकाच्या साइटवर जाऊन ती चालू करून द्यायची, हे आमचं काम. यंत्र बोटीनं पुढं जायचं, मागून आम्ही विमानानं. जेबेल अली, नैरोबी, बँकॉक, रॉटरडॅम. तिथून पालेगावातल्या डिझाइनवाल्याला फोटो पाठवून ड्रॉइंग मागवायचं असायचं, त्यामुळे फोन हा आमच्या हत्यारपेटीतलाच एक भाग होता. आता सोसायटीतलं कुणी परदेशी निघालं की फोन घेऊन माझ्याकडे येतं. त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितो.

१. काटकसर डेटाच्या खर्चात करायची, भारतातल्या नंबरवर करायची नाही.

कॉलिंग कार्ड खरवडून पिन दाबायच्या काळात इथलं सिम काढून कपाटात ठेवलं तरी काही अडत नसे. आज बँक, आधार, पीएफ, आयकर या सगळ्यांचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. परक्या शहरात कार्ड अडलं आणि ओटीपी आला नाही, तर सिमवर वाचवलेले पैसे काय कामाचे? म्हणून दोन सिमचा फोन न्यायचा. एका जागी भारतातलं सिम, त्याचं आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू पण डेटा रोमिंग बंद. दुसऱ्या जागी तिथलं सिम किंवा प्रवासासाठी घेतलेलं ई-सिम, आणि इंटरनेट फक्त त्याच्यावर. रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. येणारा कॉल उचलला की मात्र पडतात, हे घरच्यांना आधी सांगून ठेवायचं. एसएमएस येण्यासाठी आपल्या कंपनीला वेगळा रिचार्ज लागतो का, हे तिच्या ॲपमध्ये देशाचं नाव टाकून पाहायचं. दुकानदाराच्या सांगण्यावर निघू नये.

चार-पाच दिवसांचीच फेरी असेल तर भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक घ्यावा, उगाच दोन सिमची यातायात नको. मुक्काम आठवड्याच्या पुढे गेला की तिथलं सिम हमखास स्वस्त पडतं, असा माझा अनुभव आहे.

२. सिममध्ये काही बदल करायचा असेल तर निघण्याच्या आठवडाभर आधी.

हरवलेलं सिम पुन्हा काढलं किंवा जुनं बदलून घेतलं की २४ तास त्या नंबरवर एसएमएस बंद राहतात. सिम-स्वॅपची फसवणूक रोखायला दूरसंचार विभागानं २०२२ मध्ये हा नियम आणला आणि तो योग्यच आहे. पण बरेच जण हे काम नेमकं विमानाच्या दिवशी काढतात आणि मग पोहोचल्यावर ओटीपीची वाट पाहत बसतात. रोमिंगही इथूनच चालू करायचं. विमानतळाबाहेर पडल्यावर कस्टमर केअरला फोन लावायचा, तर त्यासाठी आधी रोमिंग लागतं!

३. दुबईला निघालेल्यांसाठी.

सिम मिळवणं तिथं अगदी सोपं. विमानतळावरच काउंटर असतात, पासपोर्ट दाखवला की काम झालं. खरी अडचण पुढे येते. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, व्हिडिओ कॉलही नाही. मेसेज जातो, फोटो जातो, बोलून रेकॉर्ड केलेला निरोपही जातो. पोरगा पोहोचला की व्हिडिओ कॉल करेल म्हणून घरी आई-वडील डोळे लावून बसतात, आणि कॉल आला नाही की त्यांच्या मनात नाही नाही ते येतं. मी हे फार घरांत पाहिलं आहे. तिथं बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप आहेत. निघण्याआधी इथल्या फोनवर त्यातलं एक टाकायचं आणि एकदा बोलून पाहायचं.

चीनची गोष्ट वेगळी. तिथल्या सिमवर गूगल आणि व्हॉट्सॲप दोन्ही बंद. पण रोमिंगवरचा डेटा सहसा आपल्या मूळ कंपनीच्या नेटवर्कमधून फिरून येतो, म्हणून भारतातल्या सिमवर ते चालतं. तिथं महाग पडलं तरी रोमिंगच घ्यावं.

४. युरोपात एक सिम पुरतं, फक्त स्वित्झर्लंड सांभाळा.

१५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये देश बदलला तरी रोमिंगचा जादा आकार लागत नाही. नेदरलँड्समध्ये घेतलेलं सिम बेल्जियममध्ये, फ्रान्समध्ये, इटलीत तसंच चालतं. नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइनही या व्यवस्थेत आहेत. स्वित्झर्लंड नाही. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनही नाही. आणि आपल्याकडची युरोप सहल म्हटली की युंगफ्राऊ किंवा टिटलिस आलंच! पॅरिसला घेतलेल्या सिमवर बर्फातले फोटो पाठवायला जावं, तर एक तर नेट बंद पडतं किंवा शिल्लक भराभर उतरते. पॅकवर नुसतं ‘युरोप’ लिहिलेलं असलं तर समाधान मानू नये. देशांची यादी उघडून त्यात स्वित्झर्लंड आणि ब्रिटन ही नावं बोट ठेवून वाचावीत. टूर कंपनी सिम देत असेल तरी हाच प्रश्न आधी विचारावा.

५. सगळे नंबर +९१ लावून सेव्ह करा.

परदेशी सिमवरून नुसता दहा आकडी नंबर लागत नाही. ऐन अडचणीत हे आठवत नाही. व्हॉट्सॲपनं नवीन सिम पाहून नंबर बदलायचा का असं विचारलं, तर नाही म्हणायचं. ते जुन्याच नंबरवर चालू राहतं.

६. विमानात आणि क्रूझवर फोन फ्लाइट मोडवरच.

तिथलं मोबाइल नेटवर्क उपग्रहावरून चालतं आणि देशाच्या पॅकमध्ये ते बहुधा धरलेलं नसतं. जिओनं २०२० मध्ये विमानातले वेगळे पॅक आणले तेव्हा त्यांची सुरुवात ४९९ रुपयांपासून होती. बोटीवर वायफाय हवं तर वायफायच घ्यावं.

७. आफ्रिकेत सिम शहरातल्या दुकानातून.

केनियात सफारीकॉमच्या लाइनबरोबर एम-पेसा मिळतं. २००७ साली सुरू झालेली ही सेवा भाजीवाल्यापासून टॅक्सीपर्यंत सगळीकडे चालते. साइटवर महिनाभर राहायचं असेल तर पासपोर्ट घेऊन कंपनीच्या दुकानात जावं आणि दोन्ही एकदमच चालू करून घ्यावं.

८. सहा महिने अमेरिकेला जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी.

माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात ते हेच. तिथल्या कॉलची काळजी नको, मुलगा किंवा सून आपल्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन वाढवून देतात. आधी पाहायचा तो हँडसेट. २०२२ अखेरपर्यंत तिथल्या मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं, त्यामुळे कॉल व्होल्टीवरच, म्हणजे फोरजी नेटवर्कवरूनच चालतात. इथला एखादा स्वस्त फोन तिथल्या एखाद्या कंपनीला चालतच नाही. फोनचा आयएमईआय क्रमांक मुलाला आधी कळवावा, तो त्या कंपनीच्या साइटवर तपासतो. परत येताना मुलानं आयफोन दिला तर दोन गोष्टी विचाराव्यात: तो कंपनीला लॉक केलेला आहे का, आणि त्यात सिमची जागा आहे का. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकले जाणारे आयफोन फक्त ई-सिमवर चालतात, म्हणजे इथलं सिमही ई-सिम करून घ्यावं लागतं.

आता भारतातला नंबर. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाप्रमाणे प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला गेला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला दिला जातो. आपल्या बँकेचा निरोप परक्याच्या फोनवर जाणं, याच्याइतकं वाईट काही नाही. इतकी वर्षं यावर उपाय म्हणजे डेटा भरलेला महागडा रिचार्ज, तोही तीन-तीन महिन्यांनी. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. परदेशी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी यापेक्षा उपयोगी निर्णय मी पाहिलेला नाही. हे पॅक ॲपमध्ये वर दिसत नाहीत, खाली सरकवून शोधावे लागतात. वर्षाचा घ्यावा आणि मोकळं व्हावं.

अंबरनाथमध्ये ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्यांची बरीच घरं आहेत. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो आणि जीवन प्रमाणची नोंदणीही मोबाइलवरच्या ओटीपीनं होते. त्या महिन्यात तिकडे असाल तर बँकेत आधीच चौकशी करून ठेवा. वर्षाचा पॅक मध्येच संपणार असेल तर ती तारीख इथं राहणाऱ्या जवळच्या माणसाला लिहून द्या. परदेशी कार्डावरून इथला रिचार्ज कधी होतो, कधी अडतो. पालेगावातल्या माणसाला त्यासाठी दोन मिनिटं पुरतात.