फुजीच्या शिखरावर

जपानमधील फुजी पर्वताची उंची ३७७६ मीटर आहे. दुरून त्याचा शंकूसारखा आकार इतका रेखीव दिसतो, की हा ज्वालामुखी आहे याचा विसर पडावा. १७०७ साली त्याचा अखेरचा उद्रेक झाला, तेव्हा राख थेट एदो नगरीत, म्हणजे आजच्या टोकियोत, जाऊन पडली होती.

पर्वताच्या वाटा फक्त उन्हाळ्यात खुल्या असतात. सुमारे २३०० मीटर उंचीपर्यंत बस जाते. खरी चढण तेथून पुढे. हळूहळू झाडी संपते. पायांखाली काळ्या-तांबड्या लाव्हाची खडी लागते. टाकलेले पाऊल मागे घसरते. हवा विरळ होते, धाप लागते. वाटेतील निवाऱ्यात थोडे टेकून अनेकजण मध्यरात्रीनंतर पुन्हा चालू लागतात, कारण सूर्योदय शिखरावरून पाहायचा असतो. उजाडताच खाली ढगांचा समुद्र पसरलेला दिसतो.

हे दृश्य मात्र पूर्वी स्त्रियांच्या वाट्याला येत नसे. पर्वत पवित्र मानलेला. म्हणून त्यांना शिखरावर जाण्यास मनाई होती. १८३२ साली ताकायामा तात्सु ही तरुणी पुरुषवेष धारण करून शिखरावर पोहोचली. मनाई उठली ती त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८७२ साली.