माध्यमिक शिक्षणाची उद्दिष्टे आणि विद्यार्थ्यांचा अभिप्राय

माध्यमिक शाळेने काय साधावे, याविषयी आपल्याकडे संदिग्धता नाही. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने 1953 साली लोकशाही नागरिकत्व, व्यावसायिक कार्यक्षमता, व्यक्तिमत्त्वाचा विकास व नेतृत्वगुण ही उद्दिष्टे सांगितली. कोठारी आयोगाने 1966 मध्ये कार्यानुभव व समाजसेवा यांवर भर दिला. त्याच आयोगाच्या आकृतिबंधानुसार महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा 1975 साली झाली.

ही उद्दिष्टे कितपत साध्य झाली, हे मात्र निकालाच्या टक्केवारीवरून ठरविण्यात येते. राज्याचा दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41, 2019 मध्ये 77.10 आणि 2020 मध्ये 95.30 टक्के लागला. मधल्या वर्षी अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रे यांतील 20 गुणांचे अंतर्गत मूल्यमापन बंद होते. पुढच्या वर्षी ते पुन्हा सुरू झाले. दोन वर्षांत मुलांची योग्यता एवढी घटली आणि वाढली, असे कोणी म्हणणार नाही.

मग साक्ष कोणाची घ्यावयाची? अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील अनेक शाळा दोन पाळ्यांत भरतात. एक पाळी सुटताच दुसरी वर्गात शिरते. पुढे खासगी शिकवणी असतेच. अशा दिनक्रमात वादविवाद, हस्तव्यवसाय व मैदान यांच्या वाट्याला प्रत्यक्षात काय आले, हे बाकावर बसणाराच सांगू शकतो. तोंडी परीक्षेचे गुण बोलून मिळाले की न बोलता, हेही त्यालाच ठाऊक! संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमाने मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क दिला असून भारताने ती संहिता 1992 मध्ये स्वीकारली आहे.

विचारण्याची रीत मात्र जपून ठरवावी लागेल. ‘शाळा आवडते का?’ हा प्रश्न निरुपयोगी होय. त्याचे उत्तर शिक्षकांच्या मुद्रेकडे पाहून दिले जाते. या सत्रात वर्गापुढे किती वेळा बोललात, वर्गातील कोणता निर्णय सर्वांच्या मताने झाला, स्वतःच्या हातांनी काय तयार केले, असे नेमके प्रश्न नववीच्या वर्गाला नाव न लिहिता उत्तरे देण्यास सांगून विचारावेत. दोन पाळ्यांची उत्तरे वेगळी मांडावीत. पंचायत क्षेत्रातील शाळांत पाळीऐवजी दूरच्या वाडीवरून येणाऱ्या मुलांची उत्तरे निराळी पाहावी लागतील. शाळा सोडून एक वर्ष झालेल्यांनाही हेच विचारावे. त्यांना गुणांचे भय उरलेले नसते. आलेली उत्तरे पालक-शिक्षक संघापुढे ठेवावीत आणि त्यांवर काय केले, ते मुलांना कळवावे. तसे न झाल्यास पुढील वर्षी कोरे कागदच हाती येतील.