गिझर आहे, रॉडही आहे. मग युनिट खातंय कोण?

मैत्रिणींनो, जानेवारीच्या बैठकीला कळव्याच्या आमच्या गटातल्या एक ताई हप्ता न घेताच आल्या. चार वर्षांत पहिल्यांदाच. विचारलं तर म्हणाल्या, "हप्ता लाइट बिलाने खाल्ला." दर महिन्याला १६५च्या आसपास युनिट येणाऱ्या घरात ३०८ युनिट आले होते. बैठकीत लगेच सल्ले सुरू झाले. कोणी म्हणे मीटर पळतोय, कोणी म्हणे शेजाऱ्याने वायर टाकली असेल. मी म्हटलं, आधी घर बघू.

घर चाळीतलं, दोन खोल्यांचं. दिवाळीत सासऱ्यांसाठी मोरीत १५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर बसवला. तेव्हा ठरलं होतं की १५०० वॅटचा रॉड आता माळ्यावर जाणार. पण सकाळी सगळ्यांची घाई एकदम, म्हणून गिझर सासरे आणि मुलांना, आणि रॉडची बादली बाकीच्यांना. घरातल्यांना वाटलं, दोन यंत्रं म्हणून दुप्पट बिल. हे बरोबर नाही, बरं का. १५ लिटरची एक बादली आंघोळीपुरती गरम करायला साधारण पाव ते एक तृतीयांश युनिट लागतं, मग ते गिझरने करा नाहीतर रॉडने. तीन माणसांच्या आंघोळीला दिवसाला एक युनिटही लागत नाही. मग १४० युनिट गेले कुठे?

आधी मीटर तपासला. चाळीत सगळे मीटर खाली एकाच बोर्डवर असतात, म्हणून बिलावरचा मीटर नंबर आणि मीटरवरचा नंबर एकच आहे ना, हे पहिलं बघायचं. दुसऱ्याच्या खोलीचं बिल भरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत! मग घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजचा प्लगही काढला. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला. (तो चालूच राहिला असता, तर मेन स्विच खाली करून पुन्हा बघायचं. दिवा आता थांबला तर घरातल्या वायरिंगमध्ये गळती आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा, त्यात शॉकचा धोका असतो. मेन बंद करूनही लुकलुकला तर प्रश्न मीटरचा किंवा मीटरवर जोडलेल्या दुसऱ्या वायरचा. तिथे आपण हात घालायचा नाही, कंपनीला कळवायचं.)

नंतर फक्त रॉड लावला, भरलेल्या २० लिटरच्या बादलीत. १५०० वॅटचा रॉड ४० मिनिटांत १ युनिट घेतो. घड्याळ लावून रीडिंग बघितलं, जवळपास तेवढंच आलं. म्हणजे मीटर पळत नव्हता. दाब कमी-जास्त असला की थोडा फरक पडतो, पण दीड-दोन युनिट दिसले तर संशय घ्यायला जागा आहे. एक सांगते, रॉडचं बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय बादलीत बोट घालू नका, पाणी किती तापलं हे बघायलाही नाही.

मग गिझर. वीसेक मिनिटांत पाणी तापलं, दिवा गेला. आम्ही चहा घेत बसलो. कोणी नळाला हात लावला नाही, तरी तासाभरात गिझरचा दिवा पुन्हा लागला. तिथेच चोर सापडला. गरम पाण्याचा नळ बारीक धारेने गळत होता. ताईंनी पाणी वाया जाऊ नये म्हणून खाली बादली ठेवलेली, तेच पाणी भांड्यांना वापरायच्या. पाणी वाचत होतं, पण ते तापवलेलं पाणी होतं. जितकं गळेल तितकं थंड पाणी टाकीत शिरणार आणि गिझर ते पुन्हा तापवणार. दहा लिटरची बादली तीन तासांत भरत होती, म्हणजे दिवसाला ८० लिटर. हिशेब केला तर दिवसाला सव्वातीन युनिट, महिन्याला शंभरच्या जवळ. शिवाय गिझर रात्रंदिवस चालू, कारण दुकानदाराने सांगितलेलं, "आपोआप बंद होतो." होतो, पण टाकी गार झाली की आपोआप चालूही होतो. नुसतं गरम राहायलाच दिवसाला अर्ध्या युनिटच्या आसपास जातं.

नळाचा वायसर बदलला. गिझर आता आंघोळीच्या वीस मिनिटं आधी लावतात आणि पाणी काढताना बंद करतात. रॉड राहिला, फक्त मोबाइलमध्ये गजर लावून. मागच्या महिन्यात १९६ युनिट आले.

बिल वाचताना "मागील रीडिंग" आणि "चालू रीडिंग" बघा. घराला कुलूप असेल तर सरासरीने बिल येतं आणि पुढच्या महिन्यात सगळं एकदम दिसतं. दुसरं, घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. ३०० ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात असं खूप जणी समजतात. तसं नाही, ३०१व्या युनिटपासून पुढचेच महाग. मात्र वर इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क लागतं.

ताईंचं बिल खरंच होतं, त्यांना ते भरावंच लागलं. हप्ता गटाने दोन भागांत घेतला. पण तपासणीत मीटरच चुकीचा वाटला, तर मीटर चाचणीसाठी लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. कळवा, मुंब्रा, शीळ भागात १ मार्च २०२० पासून महावितरणच्या वतीने टोरंट पॉवर वितरण बघते, तिथे अर्ज द्यायचा. शहापूर-मुरबाडकडच्या मैत्रिणींनी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात द्यावा. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. आणि वाद चालू असताना लाइट कापतील म्हणून घाबरू नका. वीज कायदा २००३च्या कलम ५६प्रमाणे आलेलं बिल किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली जी कमी असेल ती "हरकत नोंदवून" भरली, तर निकाल लागेपर्यंत जोडणी तोडता येत नाही. पैसे भरताना हे शब्द अर्जावर लिहा, पावती जपून ठेवा.

पुढच्या बैठकीला येताना मागच्या तीन महिन्यांची बिलं आणि आजपासून आठ दिवसांचं, रोज एकाच वेळी घेतलेलं रीडिंग लिहून आणा.